अंबूताईंच्या मापाचा ब्लाउज

१

गिऱ्हाइकाच्या अंगाला मी टेप लावत नाही. नवनगरात सव्वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतेय, पण माप घ्यायची माझी रीत एकच. तुमच्या अंगाला चांगला बसलेला एक जुना ब्लाउज आणून द्यायचा. टेप लावली की बाई पोट आत ओढते, श्वास धरून उभी राहते, आणि मग नवा ब्लाउज आवळतो म्हणून माझ्याच नावानं बोटं मोडते. जुना ब्लाउज असली नाटकं करत नाही.

आमची पुढची खोली हेच माझं दुकान. खिडकीपाशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा, आणि डाव्या भिंतीला खुंट्या. खुंट्यांवर मापाचे ब्लाउज. ज्याच्या त्याच्यावर नावाची चिठ्ठी टाचलेली असते.

त्यात एक अंबूताईंचा होता. अंबूताई रायापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडल्या, तेव्हापासून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा इंचभर खाली. हुबळीतल्या नावाजलेल्या टेलरांनीही त्यांच्यापुढे हात टेकले होते, कारण सगळे एक बाजू कापून तीच दुसरीकडे ठेवतात. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या. पहिला ब्लाउज घालून त्या पडद्याआड बराच वेळ गप्प होत्या, मग आतूनच म्हणाल्या, "आता बसलं बघ." पुढे प्रत्येक ट्रायलला तेच वाक्य. मला ते बक्षिसासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शेवटचं दीड वर्ष त्या खंगत गेल्या. दर तीन-चार महिन्यांनी यायच्या, "सैल होतंय गं, एक टीप मार की." मापाचा ब्लाउज मी कधी लहान करत नाही. आतून कुशीच्या शिवणीपाशी लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालून ठेवते, म्हणजे अंग किती उतरलं ते पुढच्या वेळेला कळतं. अंबूताईंच्या मापावर अशा लाल ओळी होता होता पाच झाल्या. पाचव्या टीपेनंतर त्यांनी पडद्याआडून "आता बसलं बघ" म्हटलं, आणि आठव्या दिवशी त्या गेल्या.

शिवण शिकवताना सासूबाईंनी मला एक गोष्ट बजावली होती. गिऱ्हाईक गेलं की त्याचं माप तेराव्याच्या आत त्याच्या घरी पोचतं करायचं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अंबूताईंचं माप मी पोचवलं नाही. इतका अवघड खांदा इतका नीट उतरलेला, म्हटलं राहू दे माझ्यापाशी नमुना म्हणून. गेलेल्या बाईचं नाव भिंतीवर नको एवढ्यासाठी चिठ्ठी तेवढी काढून टाकली.

२

यंदा श्रावणात आमच्या वेदाचं, म्हणजे वेदश्रीचं, लग्न ठरलं. मुलगा धारवाडचा, अनिश नावाचा, स्वभावानं गरीब. माझ्या डोक्यावर सहा ब्लाउज आले, आणि घरचं काम नेहमी सगळ्यात शेवटी, त्यामुळे ते मी गिऱ्हाइकांच्या कामांतून वेळ चोरून बेतायला घेतले.

माप होतं वेदाच्या जांभळ्या खणाच्या ब्लाउजाचं. तो खण अंबूताईंनीच दिलेला. वेदा बी.कॉम. झाली तेव्हा त्यांनी एक लांब तुकडा आणला आणि माझ्याकडून दोन ब्लाउज शिवून घेतले, एक पोरीला, एक स्वतःला. दोघींची छाती तेव्हा चौतीस. खांदा सोडला तर दोन्ही ब्लाउज सारखे.

मी खुंटीवरून जांभळा ब्लाउज काढला, कापडावर पसरला, खडूनं उजवी बाजू आखली आणि मग डावी आखली. दोन्ही वेगवेगळ्या. सव्वीस वर्षांत असं मी एकाच बाईसाठी केलं होतं, पण त्या वेळी हात चालत होता आणि डोक्यात लग्नाच्या हॉलचं जेवण होतं. सहाही ब्लाउज तसेच कापले.

वेदानं पहिला, शालूवरचा लाल, घालून बघितला. पडदा सारून बाहेर आली. मी मागून पुढून फिरून पाहिलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही, गळा जिथल्या तिथे. इतका सुरेख बसलेला ब्लाउज मी आयुष्यात मोजक्याच वेळा पाहिलाय.

"काय गं, लेकीसाठी जास्त जीव ओतलास वाटतं," वेदा म्हणाली.

"तुझ्या सासूला दाखव, म्हणावं असं शिवून दाखव," मी म्हटलं. दोघी हसलो.

त्यानंतर चार दिवसांनी मी कपाटाच्या खालच्या खणातून अस्तराचे तुकडे काढत होते. तुकड्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत जांभळा ब्लाउज घडी घालून ठेवलेला होता. वेदाचा. घरच्या पोरीच्या ब्लाउजाला चिठ्ठी कोण लावतं.

मी वळून भिंतीकडे पाहिलं. दुसरा खुंटीवर होता.

३

आधी मला स्वतःचा राग आला. सहा ब्लाउज, तेही रेशमी, आणि सगळे एक इंच खांदा उतरलेले. मग लक्षात आलं की राग करायचं कारणच नाही, कारण ब्लाउज बसला होता. चुकीच्या मापाचा ब्लाउज बसला होता.

वेदा बँकेतून आली तशी तिला मी खिडकीपाशी उभी केली आणि टेप काढली.

"आई, तू आणि टेप? बरी आहेस ना?"

"गप्प उभी राहा."

मानेच्या मणक्यापासून उजवा खांदा मोजला, डावा मोजला. जमिनीपासून मोजला. तीनदा मोजला. डावा एक इंच खाली होता.

मी म्हटलं, ऑफिसची बॅग. रोज डाव्या खांद्याला दोन-तीन किलो लटकवून पोरगी हुबळीला जाते, दुसरं काय होणार. शिवाय आजवर मी तिला टेप लावली कुठे होती? जन्मापासूनच असेल, माझ्याच नजरेला आलं नसेल. सव्वीस वर्षं लोकांचे खांदे बघणाऱ्या आईला स्वतःच्या पोरीचा खांदा दिसला नाही, हे मी स्वतःला पटवलं. बऱ्यापैकी पटलंही.

तरी खात्री म्हणून तिच्या पिशवीतल्या खऱ्या मापावरून साध्या सुती कापडाचा एक ब्लाउज शिवला. तो तिच्या डाव्या खांद्यावरून घसरायला लागला. वेदानं तो वर ओढला, पुन्हा घसरला. मग तिनंच पिशवीतला जुना जांभळा घालून पाहिला, जो दिवाळीला तिनं दिवसभर घातला होता. तोही घसरला.

"धुऊन सैल झाला असेल," ती म्हणाली.

खण धुऊन सैल होत नाही, आटतो. मी हो म्हटलं.

४

भाद्रपद संपता संपता वेदा लाल ब्लाउज हातात घेऊन आली.

"आई, जरासा सैल होतोय गं. एक टीप मार की."

नुसती सैल म्हणाली असती तर चाललं असतं. मी ब्लाउज घेतला, आतून उलटा केला. कुशीच्या शिवणीपाशी लाल दोऱ्याचा कच्चा टाका होता. टाके माझेच, माझ्या हाताचा टाका मला अंधारातही ओळखू येतो. पण मी तो घातलेला नव्हता.

मी उठले आणि खुंटीवरचा अंबूताईंचा ब्लाउज काढून उलटा केला. लाल ओळी चार होत्या. जिथं पाचवी होती तिथं सुईची बारीक भोकं दिसत होती, आणि मी अंगठा फिरवला तशी तीही दिसेनाशी झाली. कापड कोमट होतं. भिंतीवर ऊन येत होतं, त्यानं असेल म्हणून मी तो समोरच्या, सावलीतल्या भिंतीवर टांगला. संध्याकाळी हात लावून पाहिला तेव्हाही कोमट होता, आणि काखेत दमट.

मला भीती वाटली. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, हे त्याहून वाईट.

वेदाचे बाबा अमरगोळच्या बाजार आवारात कामाला आहेत. माणूस शांत, मिरच्यांच्या धुरळ्यात दिवस काढून आलेला, त्यांना काय सांगणार? एवढंच म्हटलं की पोरगी उतरलीय. ते म्हणाले, "लग्न ठरलं की मुली बारीक होतात. तू नाही का झालीस?" डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं व्यवस्थित निघालं. डॉक्टरही हसून तेच म्हणाले. वेदा स्वतः खूश होती. मैत्रिणी विचारत होत्या म्हणे, काय डाएट करतेस.

मी लाल दोऱ्याचं रीळ मशीनच्या ड्रॉवरमधून काढून गव्हाच्या डब्यात खोल पुरलं. झोपेत उठून मीच काही करत असेन तर ते कळावं म्हणून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वेदाच्या ब्लाउजात दुसरी लाल ओळ निघाली. रीळ गव्हातच होतं. खुंटीवरच्या ब्लाउजावर तीन ओळी उरल्या होत्या.

५

मग मी सासूबाईंचं ऐकायचं ठरवलं. वर्ष उशीर झाला होता, पण झाला तर झाला.

ब्लाउज कागदात गुंडाळला, चिगरी बस पकडली आणि रायापूरला उतरले. अंबूताईंचे यजमान मुकुंदराव ओसरीवर पेपर वाचत होते. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून कोर्टातलं.

"बर्री, बर्री, मालतीबाई. आत या. चहा टाकतो, आता मलाच टाकायला लागतो."

मी चहा नको म्हटलं. पुडी पुढे केली. "अंबूताईंचं माप. माझ्याकडेच राहिलं होतं. चूक झाली माझी, तेव्हाच आणून द्यायला हवं होतं."

त्यांनी कागद सोडला, ब्लाउज दोन्ही हातांत धरून उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मग उठून आत गेले आणि ट्रंकेतून अंबूताईंचा दुसरा एक ब्लाउज घेऊन आले, मीच शिवलेला, निळा. दोन्ही शेजारी शेजारी पलंगावर ठेवले आणि चष्मा पुसून वाकले.

"हा आमच्या हिचा नव्हे."

"अहो, त्यांचाच आहे. खण बघा ना."

"खण तोच आहे. झंपर तिचा नव्हे. चाळीस वर्षं मी तिचे झंपर दोरीवर वाळत घातलेत, मालतीबाई. तिचा खांदा मला माहीत नाही काय? हा बघा की, दोन्ही खांदे सारखे."

मी पाहिलं. निळ्याचा डावा खांदा इंचभर खाली होता. जांभळ्याचे दोन्ही एका रेषेत होते. सरळ, तरुण मुलीचे असतात तसे.

"हा तुमच्या पोरीचा. तुमची अदलाबदल झाली," ते म्हणाले. "लग्नघरातला कपडा मी ठेवून घेऊ? घेऊन जावा." मी जांभळ्याच्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांना वाटलं असावं की मला अंबूताईंची आठवण आली, कारण ते जरा हळू आवाजात म्हणाले, "शेवटी शेवटी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची, माझं धड अंग मालतीच्या खुंटीवर टांगलेलं आहे, ते तेवढं आणा. मी म्हणायचो, आणतो की. काय बोलणार माणूस."

त्यांनी ब्लाउजाची नीट घडी घातली, वर दोन सुपाऱ्या आणि चिमूटभर तांदूळ ठेवले, आणि माझ्या ओटीत घातल्यासारखा तो माझ्या हातात दिला. म्हणाले, ही असती तर तिनंही असंच दिलं असतं. मला नाही म्हणता आलं नाही. बसमध्ये मी तो मांडीवर ठेवून बसले होते, आणि मांडीला त्याची ऊब लागत होती. बाळ झोपलेलं असलं की लागते तशी.

६

कात्री घ्यायला मला इतके दिवस का लागले, असं कुणीही विचारील. मीही विचारते. कापडाला घाबरणारी टेलर म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट.

एका रविवारी दुपारी वेदा स्वयंपाकघरात चुरमुऱ्यांच्या गिरमिटासाठी कांदा चिरत होती आणि मी पुढच्या खोलीत दार लोटून घेतलं. ब्लाउज टेबलावर पसरला. लाल ओळी तेव्हा दोन होत्या. मी मोठी कात्री घेतली, डाव्या बाहीच्या काठावर ठेवली आणि दाबली. अर्धा इंच. जास्त नाही.

आत काहीतरी खणकन पडलं.

मी धावले. वेदा ओट्याला धरून उभी होती, सुरी खाली पडलेली. डावा हात तिनं उजव्यात धरला होता.

"काही नाही गं," ती म्हणाली. "हाताला एकदम मुंग्या आल्या. सुरी सुटली."

"कापलं काय?"

"नाही. बघ की."

दंडावर बाही संपते त्या ठिकाणी अर्ध्या इंचाची लाल रेघ उमटली होती. रक्त नव्हतं. मी तिथे तूप चोळलं, तिला खुर्चीवर बसवलं, गिरमिट मी केलं. ती खात खात हॉलच्या फुलांबद्दल बोलत राहिली आणि मी हं हं करत राहिले. मग पुढच्या खोलीत गेले आणि त्या काठाला रफू केलं. इतकं बारीक रफू मी कधी केलं नसेल. प्रत्येक टाक्याला कान आतल्या खोलीकडे होता.

त्या दिवसापासून मी त्याला जपते. उन्हात टांगत नाही. पाल येते म्हणून खुंटीच्या वर कापूर ठेवलाय. इस्त्री जवळ नेत नाही, शेजारच्या पोरांना त्या भिंतीपाशी खेळू देत नाही. गिऱ्हाईक बायका म्हणतात, काय सुंदर खण आहे हो, आणि हात लावायला जातात. मी त्यांच्या हातावर चापट मारते. त्यांना वाटतं मालतीबाई लग्नाच्या गडबडीत चिडचिड्या झाल्या.

७

आज बुधवार. लग्न पुढच्या गुरुवारी आहे, आठ दिवसांवर.

वेदाच्या ब्लाउजात चार ओळी आहेत. खुंटीवर एक उरली आहे. गेले पंधरा दिवस मी एकच गोष्ट धरून बसलेय. टीप मी मारते. प्रत्येक वेळी ओळ दिसली, आणि त्यावरून मशीन मी चालवलं. नाही चालवलं तर? सैल तर सैल, पिना लावून बोहल्यावर उभी राहील. दुसरा काही उपाय मला सुचलेला नाही, आणि ज्याला विचारावं असं माणूसही नाही.

सकाळी ती लाल ब्लाउज घेऊन आली. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. डोळे मात्र हसरे.

"शेवटची टीप, आई. आज मार, मग मी त्रास देणार नाही."

"नाही मारणार."

"का गं?"

"मला वेळ नाही. तसाच घाल."

"सहा ब्लाउज शिवलेस आणि एका टीपेला वेळ नाही?" तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ती जवळ आली आणि माझ्या गालाला हात लावला. हात थंड होता. "बरं, इरली. राहू दे. नुसता घालून बघते किती सैल आहे ते, मग पिना लावू."

ती पडद्याआड गेली. मी मशीनपाशी जाऊन बसले. सुई काढून टाकली, पट्टा उतरवून ठेवला, बॉबिन मुठीत घट्ट धरली. कुणी काही शिवू शकणार नाही अशी व्यवस्था केली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती, हे मी आधी बघून घेतलं आणि मगच समोरच्या भिंतीकडे मान वळवली.

जांभळा ब्लाउज खुंटीवर होता. रिकामा ब्लाउज लोंबतो, चपटा पडतो. हा भरलेला दिसत होता. मी बघत असताना त्याची छाती हळूच वर आली, थोडी थांबली आणि खाली गेली. मी म्हटलं, तुला दिसतंय ते तुझ्याच डोळ्यांचं आहे, रात्र रात्र झोपलेली नाहीस. पुन्हा वर आली. कुशीच्या शिवणीपाशी कापड जरा उलटलं होतं आणि आतलं अस्तर दिसत होतं. पांढरं, स्वच्छ. लाल धागा कुठेच नव्हता.

"वेदा," मी हाक मारली. "वेदा, काढ तो. घालू नको."

पडद्याआड बांगड्या वाजल्या. हुक लावल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन, चार, पाच. मग बराच वेळ काहीच नाही. मला उठायचं होतं. मुठीतली बॉबिन तळव्यात रुतत होती आणि भिंतीवरचा तो श्वास चालूच होता.

मग पडद्याआडून वेदा म्हणाली, अगदी समाधानानं,

"आता बसलं बघ."